कड्याबाहेरचे पाऊल

"माझं पाऊल कड्याच्या बाहेर पडलं होतं," दंतवैद्य बाई म्हणाल्या, "मग मी पडले का नाही?"

प्रश्न साधा होता, आणि तो विचारताना त्यांनी मान वळवून मागे पाहिले, एवढेच काय ते घडले. पण त्यांच्या मागे खुर्चीत बसलेल्या त्याच्या छातीत काचेचे काहीतरी तडकल्यासारखे झाले. संगणकावरचे खेळ रचण्याचे काम करण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. त्या काळात किती अनोळखी माणसे त्याच्यापुढे पडद्याकडे तोंड करून बसून गेली होती! शाळकरी मुले, निवृत्त कारकून, बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने खेळणाऱ्या आया. त्यांपैकी एकानेही हे कधी विचारले नव्हते. चाचणीच्या त्या खोलीचा एकच नियम होता, आणि तो त्यानेच घालून दिला होता: मागे बसणाऱ्याने बोलायचे नाही. खेळणारा भलत्या वाटेला लागला तरी नाही, समोर दार असताना भिंतीला धडका देत राहिला तरी नाही. उद्या हा खेळ लोकांच्या घरी जाईल तेव्हा त्यांच्या पाठीशी आपण थोडेच बसणार आहोत, असे तो नव्याने कामाला लागलेल्यांना समजावून सांगे. स्वतःला आवरण्यासाठी दोन्ही हात काखेत धरून बसण्याची त्याला सवय जडली होती. आताही तो तसाच बसून राहिला. बाईंनी उत्तराची वाट पाहिली आणि मग त्या हसल्या. "बोलायची बंदी आहे वाटतं? असू दे. माझ्या खुर्चीत बसतात त्यांनाही बोलता येत नाही." असे म्हणून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या, आणि खेळातल्या मुलीला मुद्दाम त्याच कड्याशी आणून पुन्हा पुन्हा उडी घ्यायला लावू लागल्या.

ज्या गोष्टीवर त्यांनी असे बोट ठेवले होते तिला कार्यालयात सारे 'माफी' म्हणत, आणि ती त्याच्याच हातची करणी होती. त्या खेळात एक मुलगी हातात दिवा घेऊन डोंगरामागून डोंगर ओलांडीत जाते. कड्याच्या टोकाशी आली की तिने झेप घेऊन पलीकडचा कडा गाठायचा असतो. आता मनुष्याचा डोळा, त्याचे बोट आणि त्याची इच्छा ही तिन्ही सहसा एका क्षणी एकत्र येत नाहीत. आपण अगदी वेळेवर कळ दाबली असे खेळणाऱ्याला वाटते तेव्हा मुलीचे पाऊल कडा सोडून अधांतरी गेलेले असते. यंत्राचा न्याय लावायचा तर तिने तत्काळ दरीत जायला हवे. परंतु तो न्याय लावायचा नाही, असे या व्यवसायातल्या लोकांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. पापणी लवावी एवढा काळ रिकाम्या हवेलाच जमीन मानायचे, आणि त्या नसलेल्या जमिनीवरून मुलीला उडी मारू द्यायची. खेळणाऱ्याला यातले काडीचेही कळत नाही. त्याच्या तोंडून फक्त 'जमलं!' असा उद्गार निघतो, आणि त्या एका उद्गारासाठी तो दुसऱ्या दिवशी परत येतो. माफीचे सारे पुण्य तिच्या गुप्ततेत आहे, अशी त्याची श्रद्धा होती. देणारा दिसला की दानाची भिक्षा होते, असे तो एकदा भर सभेत बोलून गेला होता, आणि लोकांनी त्यावर टाळ्याही वाजवल्या होत्या.

चाचणी संपल्यावर नियम सुटला, तेव्हा त्याने बाईंना खरे ते सांगितले. त्या मन लावून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे ती उडी माझी किती आणि तुमची किती?"

"पाऊल तुमचं, जमीन आमची," तो म्हणाला. हे उत्तर त्याच्याजवळ तयार होते.

"छान बोलता हो. मी माझ्या पेशंटशी असं बोलले तर तो अर्धवट भरलेला दात घेऊन पळून जाईल." मग खांद्याला पिशवी लावता लावता, जणू सहज आठवले म्हणून त्या बोलल्या, "मघाशी पलीकडे पोचले ना, तेव्हा फार बरं वाटलं होतं मला. आता नाही वाटत."

त्या गेल्यावर, भिंतीशी उभा राहून हे सारे पाहणारा सहकारी जवळ आला. खेळाच्या आज्ञावली लिहिणारा हा गृहस्थ इतका मितभाषी होता की सगळे त्याला मुनी म्हणत. "पकडलं बाईंनी," मुनी म्हणाला. "केसाएवढ्या फटी बघण्यात हयात गेलेली असणार. काढायची का माफी?" तो उत्तर देणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता.

"अरे, कामात आहेस का? असलास तरी ऐक. मी ठरवलंय. मी माझ्या घरी परत जाते."

"कधी?"

"आज. का, मुहूर्त काढायचाय? हात बरा झालाय माझा. सकाळी बरणी उघडली, कोटाची सगळी बटणं लावली, दाराचं कुलूप माझं मी काढलं. तुम्ही दोघं कामावर गेलात की दिवसभर भिंतीशी किती बोलू? भिंतही कंटाळली आता. बॅग भरायला घेतलीय. संध्याकाळी सोडायला ये फक्त."

तो 'बरं' म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला जाणवले की पायाखाली जमीन नाही, आणि ती किती वेळापासून नाही हे आपल्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही. कारण आईचा हात बरा झालेला नव्हता.

मुनीला घरी जातो एवढेच सांगून तो बाहेर पडला. भर दुपारची वेळ होती, आणि रस्त्यावर माणसे आपापल्या फोनकडे पाहत, तरीही एकमेकांना न धडकता चालली होती. चालता चालता त्याला, आई त्याच्या घरी राहायला आली ते पहिले दिवस आठवू लागले. पक्षाघाताचा झटका सौम्य होता, थोडक्यात निभावले, असे डॉक्टर म्हणाले होते. बोलणे शाबूत राहिले, चालणेही राहिले, फक्त उजवा हात गेला. अगदी गेला असेही नाही. तो खांद्याला होता, उचलला तर उचलला जात होता, पण बोटे आपली नसल्यासारखी वागत. नकाशा कार्यालयात उमेदीची सारी वर्षे त्या हाताने डोंगर काढले होते. डोंगर म्हणजे चित्रातले नव्हेत, तर उंचीच्या रेषा, एकात एक गुंतलेल्या आणि तरी एकमेकींना कधीही न शिवणाऱ्या. रेषा दूर दूर असल्या की जमीन सपाट, जवळ जवळ आल्या की चढ, आणि एकमेकींना जवळजवळ चिकटल्या की कडा. लहानपणी शाळा सुटल्यावर तो त्या कार्यालयात जाऊन तिच्या उतरत्या टेबलाखाली बसे. वरून शाईच्या लेखणीची बारीक कुरकुर ऐकू येई. निळा सुती कोट घातलेली, श्वास रोधून रेषा ओढणारी आई त्याला खालून फक्त गुडघ्यांपर्यंत दिसे. एकदा त्याने विचारले होते, इतका मोठा चढ कशाला काढतेस, थोडा कमी कर ना, लोक दमतील. ती रेषा पुरी झाल्यावर मगच बोलली होती. "चढणाऱ्याची दया आली म्हणून चढ पुसायचा नसतो, बाळा. आपण पुसला तरी तो तिथे असतोच. मग त्या बिचाऱ्याला तो न सांगता भेटतो."

हे वाक्य इतकी वर्षे कुठे दडून बसले होते कोण जाणे.

त्या पहिल्या दिवसांत आई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली होती. व्यायाम करून घेणाऱ्या ताई येत, रबराचा चेंडू तिच्या तळहातात ठेवीत, आणि ती तो गळून पडू देई. "काय उपयोग?" एवढेच म्हणे. तिला असे हरलेले त्याने कधी पाहिले नव्हते. मग एका सकाळी कॉफीच्या बरणीचे झाकण लावताना त्याचा हात सहज थांबला. त्याने ते पुरते फिरवलेच नाही, नुसते टेकवून ठेवले. दुपारी त्याला कामावर फोन आला. "अरे, उघडली! बरणी उघडली मी!" त्या आवाजात जी झळाळी होती ती ऐकून तो जिन्यात जाऊन उभा राहिला होता आणि डोळे पुसून परत आला होता. त्या दिवसापासून आपल्या व्यवसायातले सारे कसब त्याने घरात ओतले. आईचा तो निळा कोट, जो ती निवृत्तीनंतरही घरात वापरी, त्याची काजे त्याने कात्रीने थोडी थोडी रुंद करून कडा शिवून टाकल्या. नळाच्या चकत्या बदलल्या. कुलपाची जीभ कानशीने घासून इतकी गुळगुळीत केली की किल्ली लागताच ते आपण होऊन उघडावे. हे एकदम केले नाही, तिला संशय येईल म्हणून. दर आठवड्याला एखादी गोष्ट, चढ हळूहळू उतरवीत न्यावा तशी. बायकोच्या लक्षात आले तेव्हा ती म्हणाली होती, "हे खेळात ठीक आहे रे. आईंना सांग." तो म्हणाला होता, "बघ ना, कशी उठून बसलीय." आणि आई खरोखरच उठून बसली होती. चेंडू दाबू लागली होती, विनोद करू लागली होती, सुनेला भाजी चिरण्याच्या सूचना देऊ लागली होती. परवाच ताई जाता जाता दाराशी हळू आवाजात बोलल्या होत्या, "हात फारसा पुढे गेला नाहीये, पण मन बघा कसं टवटवीत आहे." ते ऐकून त्याला अभिमान वाटला होता. आता, फुटपाथच्या कडेला हिरव्या दिव्याची वाट पाहत असताना, त्या अभिमानाची त्याला शिसारी आली. तिचे घर टेकाडावरच्या जुन्या इमारतीत होते, वरच्या मजल्यावर. तिथली एकही बरणी, एकही कडी, शेगडीचे एकही बटण त्याच्या माफीतले नव्हते. तिथे ती एकटी राहणार होती, उकळत्या पाण्याच्या भांड्याशी, आणि आपल्याला जमते अशा खात्रीने हात पुढे करणार होती.

आणि ती एकटीच का, असे त्याच्या मनात आले. हे समोरून येणारे सगळेच. कोणाचे चुकलेले अक्षर फोन गुपचूप दुरुस्त करतो आहे, कोणाच्या चेहऱ्यावरचा थकवा कॅमेरा पुसून टाकतो आहे, कोणाची भरकटलेली गाडी आपणच चाकाला हलकासा हिसका देऊन वाटेवर येते आहे, आणि जो तो मनात म्हणतो आहे, जमलं. आपले किती आणि दुसऱ्याचे किती, ही वाटणी करू शकेल असा एकही माणूस या रस्त्यावर उरला नसेल. या जगाच्या कडांवर जागोजागी नसलेली जमीन अंथरणाऱ्यांपैकी आपण एक. ती अंथरताना मनात वाईट काहीही नव्हते. प्रेमच होते. हेच त्याला कळेनासे झाले होते, की प्रेमाने केलेली गोष्ट एवढी जड कशी झाली.

घर जवळ आले तशी त्याला सोंगट्यांची आठवण झाली. काळ्यापांढऱ्या चौकटींचा पट होता, आणि लहानपणी तो व आई रोज संध्याकाळी त्यावर खेळत. ती त्याला कधीही जिंकू देत नसे. वडील म्हणत, "अगं, लहान आहे तो, एखाद्या वेळी हर की." ती ऐकत नसे. तो पट उधळून रडू लागे, आणि ती शांतपणे म्हणे, "रडून झालं की सोंगट्या मांड." त्या वाक्यात राग नसे, कीवही नसे. मग एका संध्याकाळी, जिच्यात दुसरे काहीच विशेष नव्हते, तो जिंकला. आई पटाकडे पाहतच राहिली. मग उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि वडिलांना म्हणाली, "ऐकलंत का? आज मी हरले." तो स्वर त्याला अजून ऐकू येत होता. त्यानंतर त्याला बक्षिसे मिळाली, त्याचे खेळ दूरदूरच्या लोकांनी खेळले, पण तशी जीत पुन्हा कधी वाट्याला आली नाही. आणि तरीही, त्याच मुलाने मोठेपणी जगाला फुकटच्या जिती वाटण्याचा धंदा मांडला. तेव्हाच्या त्या रडण्याचे उट्टे तर तो काढीत नव्हता?

कुलूप किल्ली लागताच उघडले. ते त्याच्या मनाला लागले.

आई पलंगावर बसली होती, अंगात निळा कोट, डाव्या बाहीवर कधीही न गेलेला शाईचा डाग. पुढ्यात तिची जुनी बॅग होती, पलंगाखालून ओढून काढलेली, पितळी कळांची. ती बॅग सोपी करून ठेवायचे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. आईचा चेहरा घामेजला होता आणि उजव्या हाताचा अंगठा लाल झाला होता.

"आलास? लवकर आलास. बघ, हिला गंज चढलाय मेलीला. तेल आण जरा."

त्याने खाली बसून कळांकडे पाहिले. त्या लखलखीत होत्या. ती दर वर्षी त्या पुसून ठेवी. तेल स्वयंपाकघरात होते. चार पावले गेले, बाटली आणली, दोन थेंब सोडल्यासारखे केले आणि तिच्या नकळत नखाने कळ उचलली की झाले असते. जमलं, असे ती म्हणाली असती. त्याचे हात त्या दिशेने निघालेसुद्धा. मग त्याने ते काखेत घालून घट्ट धरले.

"आई, गंज नाहीये."

"मग?"

त्याने सांगितले. बरणीपासून सुरुवात केली. बोलताना तो जमिनीकडे पाहत होता, म्हणून मध्येच तिची बोटे कोटाच्या बटणाकडे गेलेली त्याला उशिरा दिसली.

"हे पण?"

"हो."

"कुलूप?"

"कानशीने घासलं."

ती बटणावरून बोट फिरवीत राहिली. शेजारच्या घरात कोणीतरी धुण्याचे यंत्र लावले होते, त्याची घरघर भिंतीतून येत होती. मग ती म्हणाली, "त्या ताईंना मी फुशारकीनं सांगायचे, बरणी उघडते म्हणून. त्या आपल्या माझा हात दाबून बघताहेत, त्यांना काही कळेना. खुळीच समजल्या असतील." थोडे थांबून, "तू हसलास का रे कधी? मी टाळ्या पिटत होते तेव्हा?"

"नाही. एकदाही नाही."

"रेषा पुसल्यास तू माझ्या," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे, असे त्याला वाटले. ती पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. पूर्वी पडून राहायची तशीच. जे वाचवण्यासाठी इतके सारे केले तेच आपल्या हाताने मोडले, असे वाटून तो तिथेच, बॅगेशेजारी, जमिनीवर बसून राहिला. खिडकीतले ऊन फरशीवरून सरकत त्याच्या गुडघ्यापाशी आले. तिची पाठ हलत होती की नाही हे त्याला दिसत नव्हते, कारण त्याला काहीच नीट दिसत नव्हते.

"रडतोयस का?" भिंतीकडूनच तिने विचारले.

"नाही."

"रडतोयस. नाक ऐकू येतंय." मग तोच स्वर, ज्यात राग नव्हता आणि कीवही नव्हती: "झालं की सुईदोरा आण."

ती उठून बसली होती. डाव्या हाताने बटणे काढून तिने कोट उतरवला आणि त्याच्या मांडीवर टाकला. "जशी होती तशी कर. सगळी."

तो खिडकीशी बसून काजे शिवू लागला. टाके वेडेवाकडे पडत होते. ती वाकून पाहत होती. "उंदरानं शिवल्यासारखं दिसतंय. ओढू नकोस इतकं. अजून अरुंद, अजून. मूळचं एवढं नव्हतं." मध्येच म्हणाली, "त्या पहिल्या दिवशी, बरणी उघडली तेव्हा..."

"हं?"

"काही नाही. बरं वाटलं होतं." ती खिडकीबाहेर बघू लागली. "तेवढं तरी खरं होतं ना रे?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ तयार नव्हते. दुपारी दंतवैद्य बाईंना काय सांगायला हवे होते, तेही त्याला अजून कळले नव्हते. "ते बरं वाटणं तुझंच होतं," तो चाचरत म्हणाला. "बरणी माझी होती." तिने मान हलवली. पटले म्हणून की ऐकले म्हणून, हे सांगता आले नसते.

"घरी जाणार आहेच मी," ती म्हणाली. "फक्त आज नाही. आधी ही बॅग माझी मी उघडीन. बॅगेला हात लावशील तर बघ."

शेवटचे काज झाले तेव्हा ऊन भिंतीवर चढले होते. आईने कोट अंगात घातला, उजवी बाही ओढायला तिला फार वेळ लागला, आणि त्याने पुढे केलेला हात तिने नुसत्या नजरेने मागे सारला. मग ती उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. उजव्या हाताच्या त्या परक्या बोटांत तिने मधले बटण धरले. ते सुटले. पुन्हा धरले. तो तिच्यासमोर थोडा बाजूला उभा होता, हात काखेत. असंख्य माणसांच्या मागे तो असा गप्प बसला होता, पण त्या प्रत्येक वेळी, ती पडणार नाहीत याची आतून तजवीज केलेली असे. आज खाली काहीही अंथरलेले नव्हते. बटण काजाच्या कडेला लागले, निसटले, परत लागले. तिच्या कपाळावर घाम आला, आणि रेषा ओढताना रोधून धरायची तसा तिने श्वास रोधला. बटणाची एक कड काजात शिरली आणि तिथेच, अर्धी आत, अर्धी बाहेर, अडकून राहिली. दोघेही त्या बटणाकडे पाहत राहिले.

"बाजूला हो," आई म्हणाली. "उजेड अडवतोयस."